आयडाहोची मेंढरं

चौकोन अजून तिथेच आहे. स्टेडियमच्या रॅम्पच्या भिंतीच्या मागच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, चार वीत लांब आणि दोन वीत रुंद. बाकीची भिंत धुळीने आणि दमट हवेने काळवंडली आहे, हा तुकडा मात्र फिकट आणि गुळगुळीत. त्याच्यापुढे लावलेली झुडपं वाळून नुसत्या काड्या उरल्यात, त्यामुळे तो आता पार्किंगमधूनही दिसतो. बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून म्हणाले, "झालं ना बघून? यल्ला, चल आता, पॅकर्सवाले चारला येतायत."

मी चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड हाताला लागत नव्हती, इतकं काम चोख. बाबांच्या देखरेखीखालचं काम चोखच असतं, आणि त्याच चोखपणाचा मला सात वर्षं राग आहे.

स्टेडियमचं नाव लिहीत नाही. त्या वर्षांत दोहात आणि आजूबाजूला बरीच बांधली जात होती, त्यातलं एक समजा. बाबा तिथे क्वालिटी इंजिनीयर होते. झालेल्या कामातले दोष शोधायचे, फॉर्म भरायचा, दुरुस्ती करून घ्यायची, शेवटी सही करायची. लोक म्हणतात स्टेडियम उभं राहिलं. जसं काही ते स्वतःच वाळूतून उठलं, कंबर चोळली आणि उभं राहिलं.

दोहातल्या अल गराफाच्या घरात आता खोकीच खोकी आहेत. बाबांचं फायनल एक्झिट आहे, आईबाबा कायमचे नाशिकला परत चाललेत, आणि आवरायला मदत म्हणून मी पुण्याहून आले. माझ्या कपाटाच्या माथ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडलं आणि शटरिंगच्या प्लायवूडचा वास आला, म्हणजे लाकूड, डिंक आणि फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून लावतात त्या तेलाचा. आत अकरा मेंढरं होती. अंगठ्याएवढी, लाकडाची, प्रत्येकाची मान वेगळ्या बाजूला वळलेली. बारा होती. एक कुठे गेलं माहीत नाही. खोक्यांच्या मधोमध मी ती अकरा मेंढरं जमिनीवर मांडून बसले आणि मला तेव्हाचा सगळा राग जसाच्या तसा परत आला, इस्त्री करून ठेवल्यासारखा.

तेव्हा मी सातवीत होते. शाळा अमेरिकन पद्धतीची, मुलं चाळीस देशांची, आणि दरवर्षी आम्हाला अमेरिकेचं एकेक राज्य वाटून दिलं जाई. काचेच्या बाऊलमधून चिठ्ठी उचलायची. कोणाला टेक्सस, कोणाला हवाई, मला आयडाहो. त्या राज्याचा इतिहास आणि तिथली माणसं यांवर एक मोठा चार्ट करायचा, मॉडेल करायचं, आणि 'स्टेट फेअर'च्या दिवशी तिथला एक पदार्थ न्यायचा. आयडाहो कशासाठी प्रसिद्ध, तर बटाट्यांसाठी. आईचा चेहरा उजळला. "मग बटाटेवडे," ती म्हणाली. "त्यात काय एवढं." पश्चिम अमेरिकेच्या एका राज्याचा प्रश्न कुडाळच्या बाईने एका मिनिटात निकालात काढला.

राहिलं मॉडेल. त्यासाठी दत्तारामकाका आले. ते बाबांच्या साइटवर शटरिंगचे सुतार होते, म्हणजे काँक्रीट ज्या साच्यात ओततात तो लाकडी साचा बांधणारे. सावंतवाडीजवळचे. आईला एकदा साइटच्या फॅमिली डेला भेटले, दोघं मालवणीत बोलायला लागले आणि आईने त्यांना तिथल्या तिथे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, जेवायला बोलावून टाकलं. तेव्हापासून महिन्यातून एक-दोन शुक्रवार ते यायचे. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे, आईला वैनी म्हणायचे, बाबांना सायब. बाबा त्यांच्याशी जेवताना बोलत, पण साइटवर ओळख दाखवत नसत. तसा नियमच होता म्हणे. कोणाचा होता देव जाणे.

मी तेव्हा घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. आई मराठीत विचारी, मी इंग्रजीत बोले, आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नसे. दत्तारामकाकांपुढे ते चालेना. मी आयडाहोबद्दल सुरू केलं की ते हातातली पटाशी थांबवत. "मराठीत सांग गो बाय. माका कळाक व्हया, तरच हात चलतत."

मग मी सांगितला. एका अख्ख्या राज्याचा इतिहास, चार शुक्रवार, मोडक्यातोडक्या मराठीत. बाहेर मशिदीच्या लाउडस्पीकरवरून खुतबा, शुक्रवारचं प्रवचन, ऐकू येई, स्वयंपाकघरात आई वड्यांच्या सारणाची तालीम करी, मोहरी आणि आल्याचा वास हॉलभर पसरे. मी सांगे की तिथे आधी निमीपू नावाचे लोक राहायचे, ठिपक्याठिपक्यांचे घोडे पाळायचे. कागदावर करार झाला की ही जमीन तुमची. मग त्या जमिनीत सोनं सापडलं आणि नवा कागद आला, त्यात जमीन चिमूटभर उरली. नाही म्हणाले ते बायकापोरांसकट डोंगरांतून पळत राहिले आणि देशाच्या सरहद्दीच्या अलीकडे पकडले गेले. दत्तारामकाकांनी एक घोडा कोरला. मग चिनी खाणकामगार आले, गोऱ्यांनी टाकून दिलेल्या वाळूतून सोनं चाळत बसले, आणि काम संपल्यावर त्यांना हाकललं. काकांनी टोपलीवाला माणूस कोरला. माझ्या पुस्तकात हे सगळं तीन वाक्यांत होतं. सोनं सापडलं. लोक आले. राज्य झालं.

तिसऱ्या शुक्रवारी मी सांगितलं की महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना घरादारातून उचलून तिथल्या ओसाड माळावर आणून ठेवलं, डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्यांत, आणि फटींतून धूळ यायची.

"कॅम्प?" त्यांनी विचारलं.

"हो. कॅम्पच म्हणायचे."

"एका खोलयेत किती जणां?"

मला माहीत नव्हतं. मी आठ असं ठोकून दिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ठीक आहे, असतात तेवढे. ते स्वतः ज्या लेबर कॅम्पात राहत तो साइटपासून बसने पाऊण तास लांब होता. त्या दिवशी त्यांनी काही कोरलं नाही.

आणि मग मेंढपाळ. ते माझे सगळ्यात आवडते होते. युरोपातल्या डोंगरांतून आलेले बास्क लोक, भाषा येत नाही, ओळख नाही, हातात काठी. दोन-दोन हजार मेंढरं घेऊन उन्हाळाभर एकट्याने रानात राहायचं. कोणी बोलायला नाही, म्हणून ते पांढऱ्या सालीच्या झाडांवर चाकूने नावं कोरायचे. नाव, गाव, वर्ष. गंमत म्हणजे कोरताना काही दिसत नाही, नुसता बारीक चरा. झाड वाढतं, जखम काळी पडते, आणि मग एक-दोन वर्षांनी नाव उमटतं. तोवर मेंढपाळ भलतीकडेच गेलेला असतो.

काकांनी पटाशीची धार अंगठ्यावर तपासली. मग म्हणाले, "झाडार कित्याक? झाड मेला की नाव गेला. माझ्या बापाशीन बांधलेल्या प्रत्येक घराच्या आढ्याक खालच्या अंगान नाव कोरल्यान. कोणाक दिसना नाय. पण घर पडासर रवतला."

"आणि तुम्ही?"

"मी साचे बांधतंय. साचो काडून टाकतत. माझा काय रवता?"

चौथ्या शुक्रवारी त्यांनी बारा मेंढरं आणली. आणि खिशातून फोन काढून मला एक फोटो दाखवला. काँक्रीटच्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात सहा नावं, देवनागरीत, ठसठशीत उठलेली. फळीवर त्यांनी ती आरशातल्यासारखी कोरली होती. "फळयेर उलटा, भितीर सुलटा," ते म्हणाले, आणि मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. एक नाव त्यांचं, पाच त्यांच्या टोळीतल्या सोबत्यांची. रॅम्पची मागची बाजू, तिथे पुढे झुडपं लागणार होती. कोणाला दिसणार नव्हतं. मी म्हटलं मला पाठवा. त्यांनी पाठवला.

पुढे काय झालं ते आमच्या घरात एका वाक्यात सांगतात. बाबांना ती नावं राउंडवर दिसली. दत्तारामकाकांनाही तेच सांगितलं गेलं. ते खोटं आहे. ती नावं मी दाखवली.

मी तो फोटो मोठा छापून घेतला आणि चार्टवर मेंढपाळांच्या झाडाच्या चित्राशेजारी चिकटवला. खाली इंग्रजीत लिहिलं, हे आमचे मेंढपाळ, आणि शेजारी बाबांच्या साइटचं नावही, कारण मला बाबांचा अभिमान होता. आदल्या दिवशी चार्टची गुंडाळी मी स्वतः केली. आईने पाहिला नाही, ती वड्यांत होती. बाबा ड्यूटीवर होते. आमच्या मिस त्या झाडाच्या चित्रापुढे उभ्या राहून सगळ्या पालकांना सांगत होत्या की आयडाहोत आता ही झाडं शोधून काढतात, कापड लावून त्या नावांचे ठसे घेतात, कारण झाडं म्हातारी झालीत आणि हा मोठा ठेवा आहे. हेरिटेज. मी मान ताठ करून शेजारी उभी.

बाबांच्या प्रोजेक्टचे डायरेक्टर आले होते. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, त्याला कॅलिफोर्निया मिळालं होतं. सभ्य माणूस. त्यांनी तीन बटाटेवडे खाल्ले, आईला रेसिपी विचारली, माझा चार्ट वरपासून खालपर्यंत वाचला. फोटोपाशी थांबले. "किती सुंदर," म्हणाले, आणि फोन काढून त्याचा फोटो घेतला. मला पहिला नंबर मिळाला. वर्ल्ड कपला चारेक वर्षं होती, पण शहर तेव्हापासूनच उलटे दिवस मोजत होतं, रस्ते दर आठवड्याला वळायचे, आणि त्या संध्याकाळी घरी येताना नारिंगी शंकूंच्या रांगेत आम्ही तासभर अडकलो होतो. मी मागच्या सीटवर प्रशस्तिपत्र धरून गात होते. त्या गाणाऱ्या मुलीच्या मला अजून एक मुस्काटात द्यावीशी वाटते.

दोन दिवसांनी बाबा घरी आले ते माझ्याशी बोललेच नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते आईला म्हणाले, "त्या नावांवर सरफेस डिफेक्टचा फॉर्म ओपन केलाय. वरून आलंय, मला चॉइस नव्हता." म्हणजे मेंढपाळाने कोरलं तर ठेवा, आणि दत्तारामने कोरलं तर दोष. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं, इंग्रजीत. ते म्हणाले, "झाडाला फिनिशिंगचं स्पेसिफिकेशन नसतं." हे वाक्य मी त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

नावं घासायला ग्राइंडर घेऊन त्याच टोळीला लावलं. काकांनी वरच्यांना सांगितलं की सगळं आपण एकट्याने केलं, बाकीच्यांना पत्ता नव्हता. त्यामुळे बाकीचे पाच दुसऱ्या साइटवर गेले आणि ते एकटे नोकरी जाऊन गावी.

जायच्या आधीच्या शुक्रवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केसांना तेल. चपला तशाच जोडून ठेवल्या. आई रडत होती आणि चिवडा भरत होती. बाबा खुर्चीत बसून खिशातल्या पेनाचं बटण दाबत होते, टिक टिक, टिक टिक. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचं असं होतं, हे आईला आणि मला ठाऊक आहे.

"राउंडवर दिसलं मला, दत्ताराम," बाबा म्हणाले. "दिसल्यावर सोडता येत नाही."

"खरा आसा, सायब. तुमचा कामच ता."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चार पावलं पुढे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात वडा होता. मी तो चावत राहिले. काका जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "मेंढरां संभाळ हां," आणि लिफ्टपर्यंत आईच त्यांना सोडायला गेली. परत आल्यावर तिच्या ओढणीला कोणाच्या तरी अत्तराचा वास येत होता, लिफ्टमध्ये नेहमी भरून राहायचा तो.

मी वर्षभर बाबांशी तुटक बोलले. दहावीनंतर पुण्याला शिकायला गेले, तेव्हा फोनवर फक्त आईशी. वर्ल्ड कपचे सामने झाले तेव्हा हॉस्टेलच्या टीव्हीपुढे गर्दी होती. कॅमेरा वरून त्या छतावर फिरला आणि कोणीतरी म्हणालं, तुझ्या बाबांचं ना हे? कॉमेंटेटर सांगत होता की काही वर्षांपूर्वी इथे नुसतं वाळवंट होतं आणि पाहा, काय उभं राहिलं. मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मुलींनी शिव्या घातल्या. घालू देत.

बाबांवर रागावणं सोपं होतं. ते समोर होते, त्यांची सही होती. मी मात्र पहिल्या नंबराची मुलगी.

आज दुपारी, भिंत बघून आल्यावर, मी त्यांच्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं करत होते. जुनी बिलं, शाळेच्या पावत्या, सगळं फाडायच्या ढिगात. तळाशी एक पारदर्शक फोल्डर निघालं, आत एकच कागद. दोष-अहवालाची कॉपी. बाबांनी त्या साइटवर असे शेकड्याने भरले असतील. घरात हा एकच.

जागा: रॅम्प, मागची बाजू. दोषाचं वर्णन: भिंतीवर अक्षरं उठलेली, आणि त्याखाली बाबांच्या सुबक अक्षरात सहाही नावं, एकाखाली एक. देवनागरीत. इंग्रजी फॉर्मवर, जिथे ती वाचू शकणारा एकही साहेब नव्हता. कोणाच्या निदर्शनास आलं: बाबांचं नाव. उपाय: घासून पॅच मारला. स्थिती: बंद.

मला दत्तारामकाका सोडून एकच नाव आठवत होतं. मी, जिला पहिला नंबर मिळाला होता. आणि माझा तो चार्ट त्याच आठवड्यात कचऱ्यात गेला, फोटो त्या वेळच्या फोनबरोबर गेला. माझ्या माहितीत ती सहा नावं एकत्र आता या दोष-अहवालावरच आहेत.

मी कागद घेऊन हॉलमध्ये गेले. बाबा खोक्यांवर नंबर घालत होते.

"ही कॉपी घरी कशी?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्णन पूर्ण लिहावं लागतं. फॉर्मच तसा असतो."

"ते नाही विचारलं. घरी कशी आली?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टिक टिक. "राहिली असेल," म्हणाले, आणि पुढच्या खोक्याकडे वळले. मी कागद पुन्हा फोल्डरमध्ये घातला. त्यांना मिठी वगैरे मारली नाही. माझा राग तसाच होता, फक्त त्यात आता मीही बसले होते, बाबांच्या शेजारी.

आईकडून नंबर घेतला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. तिकडे रंधा चालल्याचा आवाज येत होता. काका आता गावी दारं-खिडक्या करतात. मी नाव सांगितलं. रंधा बंद झाला.

"काका, ती नावं बाबांना राउंडवर दिसली नव्हती. मी शाळेत फोटो लावला होता. माझ्यामुळे झालं ते."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "फोटो मी तुकाच दिलंय. आणि कोणाक?"

"मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाही?"

"तू तरी खंय बोललंस?"

समोरच्या व्हिलाच्या भिंतीवर एसीचं पाणी ठिबकत होतं. मी सॉरी म्हटलं, त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राग इलो होतो. वरीसभर तुझ्या आवशीचो फोन उचललंय नाय. ती पाच जणां माझ्यामुळा घासूक लागली, आपापली नावां. मी तेंका इचारूकय नाय होता."

मी सांगितलं की आज सकाळी भिंतीपाशी गेले होते.

ते एकदम सुतारासारखे बोलले. "पॅच दिसता?"

"दिसतो. रंग जुळलेला नाही."

"जवळसून?"

"लांबूनसुद्धा. पार्किंगमधून दिसतो. झुडपं मेली."

तिकडे फळीवरून भुसा झटकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरा झाला. कधीतरी कोण इचारीत, हंय काय होता म्हणान."

रंधा पुन्हा सुरू झाला. पॅकर्स बेल वाजवत होते. मी फोल्डर माझ्या बॅगेत टाकलं, मेंढरांचा डबा त्यावर ठेवला.

तर कोणी विचारलंच, म्हणून सांगते. तिथे हे होतं: दत्ताराम, सुखलाल, अन्वर, बीरबहादुर, रामसेवक, शफीक.